उद्या आपली सहल

सगळ्यात पहिली चेष्टा मुळ्याची होती. शाळेच्या खिचडीबरोबर खायला म्हणून कुणीतरी शेतातले मुळे आणून दिले होते. त्यातली एक पांढरी कांडी मी विळीवर खडूएवढी तासून घेतली, फळ्याशी गेले, वर्गाकडे वळून म्हणाले, "आज मी डबा विसरले," आणि तो खडू कडकन चावून खाल्ला. पहिलीतली एक मुलगी रडायला लागली तेव्हा मी घाईघाईने उरलेला तुकडा तिच्या नाकाशी धरला. तिने वास घेतला आणि मग सगळी मुलं एकदम हसली. मला त्या शाळेत येऊन चार महिने झाले होते आणि माझ्यासमोर मुलं मोकळी हसण्याची ती पहिली वेळ होती. दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या एकाने खरा खडू चावून बघितला, ते सोडलं तर कुणाचं काही बिघडलं नाही.

शाळा मुठा खोऱ्यातल्या एका वाडीवर होती. पहिली ते चौथी, सतरा मुलं, दोन खोल्या, आणि आम्ही दोघं शिक्षक. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले होते, सगळी वाडी त्यांना गुरुजी म्हणायची. त्यांना कागदांचं काम असलं की चारही इयत्ता माझ्याच खोलीत बसायच्या. मी राहायला माणमध्ये. नवऱ्याची नोकरी तिथल्या आयटी पार्कमध्ये होती, म्हणून लग्नानंतर उदगीरहून थेट तिथे आले होते. ज्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती उभ्या आहेत त्यांच्यापैकीच एकांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. नवऱ्याच्या शिफ्टा अशा असायच्या की आठवड्यातले चार दिवस आमची गाठ फक्त दारात पडायची. शेजारच्या खोल्यांमधली माणसं दर सहा महिन्यांनी बदलायची. बोलायला कुणी नव्हतं. रोज सकाळी स्कूटी काढून घोटावडे फाटा, पिरंगुट, उरवडे असं करत मी वाडीवर पोचायचे, आणि दिवसातलं माझं पहिलं वाक्य मुलांशी बोलायचे. शाळेतच काय तो माझा आवाज निघायचा.

त्यामुळे चेष्टा करायची सवय लागली, असं मला आता वाटतं. तेव्हा मी त्याला अध्यापनातली युक्ती म्हणायचे. उदगीरकडची असल्यामुळे मला थोडं कानडी येतं. एकदा मी गंभीर चेहऱ्याने वर्गात सांगितलं की सरकारने आकडे बदललेत, आता एक-दोन-तीन म्हणायचं नाही, ओंदू, एरडू, मूरू म्हणायचं. मुलांनी दहापर्यंतचे आकडे वह्यांत उतरवून घेतले. कधी मी घसा बसल्याचं सोंग करून कुजबुजत शिकवायचे, आणि तासाभरात सगळा वर्ग आपोआप कुजबुजायला लागायचा. शेवटी मी "फसलात" म्हणायचे. तो शब्द ऐकला की मुलं बाकं बडवायची. मुलांना तो इतका आवडायला लागला होता की खरोखरची गोष्ट सांगितली तरी ती माझ्या तोंडाकडे बघत त्या शब्दाची वाट पाहत बसायची.

गुरुजींनी मला कधी अडवलं नाही. एकदाच, हजेरीपट भरता भरता, वर न बघता ते म्हणाले होते की पोरं हितलं सगळं घरी जाऊन सांगतात, एवढं ध्यानात असू द्या. मी हो म्हटलं. त्यावर फार विचार केला नाही.

चौथीत एक मुलगी होती. बारीक, सावळी, वेण्यांना नेहमी एकाच रंगाच्या रिबिनी. ती आजोबांजवळ आणि मामीजवळ राहायची. वडील नव्हते, एवढंच मला माहीत होतं. आई माणमध्येच कुठल्यातरी कंपनीत हाउसकीपिंगला होती आणि आणखी तीनचार बायकांबरोबर एका खोलीत राहायची. महिन्यातून एखाद्या रविवारी यायची. म्हणजे मी जिथून रोज सकाळी निघायचे तिथेच तिची आई असायची. मुलीने मला एकदा विचारलंही होतं, "बाई, तुमाला माझी आई दिसती का?" मी म्हटलं, अगं, तिथे हजारो माणसं आहेत. तिने मान डोलावली आणि परत कधी विचारलं नाही.

एकदा मी एक खोटी चाचणी घेतली होती. कागदावर पंधरा सूचना. पहिली सूचना, सगळं वाचून मग सुरुवात करा. मधल्या सूचना उभं राहा, तीन टाळ्या वाजवा, शेजाऱ्याचं नाव मोठ्याने घ्या, अशा. आणि शेवटची, वरचं काहीही करू नका, हाताची घडी घालून बसा. सगळा वर्ग टाळ्या वाजवत उभा होता आणि ही एकटी हाताची घडी घालून खाली बसलेली. मी तिचं कौतुक केलं. तिला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. दुसऱ्यांना वेळेत सांगायला हवं होतं का, असा काहीतरी भाव तिच्या चेहऱ्यावर होता.

त्या वर्षी एप्रिलची एक तारीख आली तेव्हा सकाळची शाळा सुरू झाली होती. येतानाच माझ्या मनात चेष्टा ठरली होती. प्रार्थना झाली, सगळी मुलं माझ्या खोलीत बसली, आणि मी सांगितलं की उद्या आपली सहल आहे. माणला जायचं, काचेच्या इमारती बघायच्या. लिफ्टमध्ये बसायचं, सरकत्या जिन्यावर उभं राहायचं. गाडी सकाळी साडेसातला शाळेपाशी येईल. डबा आणा, पाण्याची बाटली आणा, चांगले कपडे घाला. मुलांनी इतके प्रश्न विचारले की मला ते खोटं सजवत न्यावं लागलं. गाडी कुठल्या रंगाची, तर पिवळी. एसी आहे का, तर आहे. सुटीची घंटा झाली की "फसलात" म्हणायचं आणि बॅगेत ठेवलेल्या चिंचेच्या गोळ्या वाटायच्या, असं ठरवलं होतं.

दहाच्या सुमाराला गुरुजी दारात आले. पौडला तालुक्याच्या कचेरीतून निरोप होता, मुलांची ऑनलाइन माहिती आजच्या आज दुरुस्त करून द्यायची होती. गुरुजींना संगणकाचं ते काम जमायचं नाही. ते म्हणाले, तुम्ही लगेच निघा, मी मुलांकडे बघतो. मी फाइल घेतली, हेल्मेट घातलं आणि निघाले. गोळ्या बॅगेतच राहिल्या.

पौडला सर्व्हर बंद होता. दुपारी अडीचपर्यंत बाकावर बसून होते. काम झाल्यावर डोकं इतकं दुखत होतं की घरी येऊन नुसती पडले. संध्याकाळी भाकरीला पीठ मळताना एकदम आठवलं. पिठाच्या हातानेच गुरुजींना फोन लावला. ते वाडीवरच राहायचे आणि तिथे रेंज नसायची, फक्त वरच्या टेपाडावर यायची. फोन लागला नाही. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, तो पोचल्याची खूण आली नाही. मग मी स्वतःची समजूत घातली. आज एक एप्रिल आहे, कुणीतरी घरात म्हणेलच की एप्रिल फूल असेल. गुरुजींना काही माहीत नाही हे मुलांना कळलं असेल. सहलीसाठी पालकांच्या सह्या लागतात, त्या कुठे घेतल्यात. एवढी सगळी कारणं मी जमवली आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावरून शाळा दिसली आणि मी स्कूटी हळू केली. सतराही मुलं शाळेच्या भिंतीपाशी ओळीने उभी होती. लग्नाकार्यात घालायचे कपडे होते, केसांना चपचपीत तेल. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात कापडाची पिशवी. चार-पाच आया आल्या होत्या. एका आजीने नातवाला गाडी लागू नये म्हणून त्याच्या मुठीत लिंबू दिलं होतं. गुरुजी पायरीवर उभे होते. आदल्या दिवशी मुलांनी त्यांना विचारलं होतं, पण त्यांना वाटलं एखाद्या कंपनीने मला परस्पर सांगितलं असेल. कंपन्यांची माणसं अधूनमधून दप्तरं वाटायला येत, मुलांना कुठे कुठे नेत. त्यांनी मुलांना सांगितलं होतं, बाईंना माहीत असेल.

मी स्कूटी लावली. हेल्मेट काढलं नाही. मुलं माझ्या मागे रस्त्याकडे बघत होती. तेव्हा मला तो एकच शब्द उच्चारायचा होता. इतके वेळा म्हटलेला तो शब्द तोंडातून निघेना. त्या आजीकडे बघून कसा म्हणणार होते मी?

मी म्हणाले, "गाडी बिघडली. पुढच्या आठवड्यात येईल."

मुलं रडली नाहीत. रडली असती तर बरं झालं असतं. आयांनी एकमेकींकडे बघितलं, एक म्हणाली की गाड्यांचं असंच असतंय, आणि त्या कामाला निघून गेल्या. मी मुलांना आवारातल्या आंब्याखाली बसवलं आणि इथेच सहल करू असं सांगितलं. सकाळचे पावणेआठ वाजले होते. मुलांनी डबे उघडले. चपातीचा लाडू, शेंगदाण्याची चटणी, एकाकडे पुऱ्या. सगळी खात होती, पण नीट बसून नाही, कपडे मळू नयेत म्हणून उकिडवी.

चौथीतल्या त्या मुलीने डबा उघडला नाही. तिच्याजवळ दोन डबे होते. मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की मोठा डबा आईचा आहे. मामीने पहाटे भाकरी आणि वालाची उसळ केली होती. काल दुपारी आजोबा टेपाडावर जाऊन आईला फोन करून आले होते.

"आई गेटावर हुबी ऱ्हानार हाय," ती म्हणाली. "सुट्टी घेतलीय तिनं आज."

मी विचारलं, कुठल्या गेटावर. तिला माहीत नव्हतं. मोठं गेट हाय, एवढंच. आईचा नंबर आजोबांकडे, आणि आजोबा गुरं घेऊन डोंगरात गेलेले. गुरुजी सगळं ऐकत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "गाडी ठरली होती का?" मी नाही म्हटलं. मग म्हणाले, "जा तुम्ही. ती बाई उन्हात उभी असेल. मी आहे इथं."

मुलीने मोठा डबा माझ्या हातात दिला. मी तो डिकीत ठेवला आणि आले त्याच रस्त्याने परत निघाले. पिरंगुटला ट्रकांची रांग होती. माणला पोचायला सव्वानऊ झाले. रोज तिथेच राहत असूनही आयटी पार्कला किती गेटं आहेत हे मी कधी मोजलं नव्हतं. प्रत्येक गेटावरचा सुरक्षारक्षक हिंदीत विचारायचा, कौन सी कंपनी, कौन सा टॉवर. मला मुलीच्या आईचं नुसतं नाव माहीत होतं, कंपनी नाही.

चौथ्या की पाचव्या गेटाशी ती सापडली. कडेच्या ठेंगण्या झाडाखाली फूटपाथवर बसली होती. अंगावर कामाचा निळा कोट नव्हता, इस्त्रीची साडी होती. शेजारी मोठी पिशवी. मी तिला दोनदाच शाळेत बघितलं होतं, पण मुलीचं कपाळ तिच्यासारखंच होतं, म्हणून ओळखलं. मला एकटीला स्कूटीवरून उतरताना बघून ती चटकन उठली.

"काय झालं तिला?"

मी म्हटलं, काही नाही, ती बरी आहे, शाळेत आहे. तिने छातीवर हात ठेवला आणि झाडाला टेकली. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. मी डिकीतून डबा काढला, तिच्या हातात दिला आणि म्हणाले की गाडी बिघडली, सहल पुढे गेली.

तिने डबा दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "मग तिला तेवढं तुमच्या गाडीवं आनायचं हुतं."

मागची सीट रिकामी होती. वाडीवरून निघताना तो विचार माझ्या मनात आलाच नव्हता. मला माझी चूक लवकरात लवकर पोचती करून मोकळं व्हायचं होतं, म्हणून मी डबा आणला आणि मूल मागे ठेवून आले.

ती रागावून बोलली नव्हती. तिने पिशवी माझ्यापुढे केली. आत बिस्किटांचे पुडे होते. पोरं पहिल्यांदाच येणार, तर प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यावं म्हणून आणले होते. ती म्हणाली, न्या, वाटा. मी नको नको म्हणत पिशवी घेतली. ती डबा घेऊन खोलीकडे चालत गेली. मी तिला खोलीपर्यंत सोडते असंसुद्धा म्हटलं नाही.

बिस्किटं मी दुसऱ्या दिवशी वाटली. मुलांनी विचारलं, गाडी कदी यायची. मी म्हटलं, येईल. पुढच्या सोमवारी परत विचारलं, मी परत तेच म्हटलं. मग त्यांनी विचारणं सोडलं. एखादी कंपनी खरोखरच गाडी देईल का म्हणून मी दोन ठिकाणी नवऱ्याकडून विचारून बघितलं. त्यांनी नंतर बघू म्हणून सांगितलं. गुरुजींनी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

सुटी लागायच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं की गाडी कधीच ठरली नव्हती. ती चेष्टा होती, सांगायची राहून गेली, आणि नंतर मी खोटं बोलले. दुसरीतला एक जण सवयीने हसला आणि त्याने बाक बडवलं. त्याच्याबरोबर दोघंतिघं हसली. मग ती चौथीतली मुलगी जागेवरूनच म्हणाली, "मला म्हाईत हुतं बाई."

मधल्या सुटीत मी तिला जवळ बोलावून विचारलं, कधी कळलं. तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरत सांगितलं, मधल्या रविवारी आई आली होती तेव्हा. त्या दिवशी सकाळी आईने गेटावरच्या माणसाला विचारलं होतं, शाळेची गाडी किती वाजता येणार. त्याने वही बघितली, कुठल्याच शाळेचं नाव नव्हतं. त्याने दुसरीकडे फोन लावून विचारलं, तिथेही नव्हतं. तरी ती बसून राहिली होती, न जाणो आली तर. म्हणजे मी स्कूटीवरून उतरून तिला गाडी बिघडल्याचं सांगत होते तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं.

"आई म्हनली, बाईंना काय बोलू नको," मुलगी म्हणाली. "त्यांना वाईट वाटंल."

मी तिला म्हटलं, या रविवारी मी तुला माझ्या गाडीवर आईकडे घेऊन जाते. "खरंच?" असं तिने विचारलं नाही. मान हलवली, पण ती मान हो म्हणायची नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती. त्या रविवारी मी वाडीवर गेले तेव्हा घराला कडी होती. ती मामीबरोबर दुसऱ्या गावच्या लग्नाला गेली होती. मी येईन असं तिला वाटलंच नसावं.

जूनमध्ये ती पाचवीला गेली. आमच्या शाळेत पाचवी नव्हती. तिला खालच्या अंगाला कुठेतरी वसतिगृहाच्या शाळेत घातल्याचं आजोबांनी सांगितलं. त्या वर्षापासून मी वर्गात चेष्टा केली नाही. कुणी मनाई केली नव्हती. एकदोनदा मुलांनी आठवण करून दिली, बाई, ते कानडी आकडे म्हना की. मी म्हटले, पण नुसते आकडे म्हणून. नवीन मुलं आली, त्यांना मी कडक बाई म्हणूनच माहीत झाले. गुरुजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या कामाबद्दल चांगलं सांगितलं, आणि मी खाली मान घालून ते ऐकलं. पुढे माझीही बदली झाली.

मागच्या पावसाळ्यात माणच्या आठवडे बाजारात मला तिची आई भेटली. तिनेच ओळखलं. ती आता दुसऱ्या इमारतीत होती, अंगावर कोट वेगळ्या रंगाचा होता, केस बरेच पिकले होते. मुलगी आठवीत आहे म्हणाली, गणितात बरी आहे, वसतिगृहातलं जेवण आवडत नाही म्हणते. मी विचारलं, माझी आठवण काढते का. ती म्हणाली, काढती की, बाई लई हसवायच्या म्हनती.

मी म्हटलं, "त्या दिवशीचं मला तुम्हाला सांगायचं होतं."

"असू द्या," ती म्हणाली. तिने मेथीची जुडी पिशवीत नीट बसवली. ड्युटीची वेळ झाली होती, समोर रिक्षा भरत आली होती. ती जाऊन कडेच्या जागेवर बसली. आत आणखी दोघी तसल्याच कोटातल्या होत्या. रिक्षा निघाली. मुलगी कुठल्या गावच्या शाळेत आहे ते विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. पाऊस वाढत होता. मी कांदे न घेताच घरी आले आणि रात्रपाळी करून झोपलेला नवरा उठायच्या आत चहा टाकला.